कविमार्गावरचं जळण

साहित्य माणसाला मातीशी जोडतं. आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो काउंटीतल्या आमच्या गावाबाहेर जी बॉग आहे, तिथे हेच काम साहित्याच्या मदतीशिवाय होतं आणि थेट गुडघ्यापर्यंत होतं. तरीही गावाच्या वारसा समितीला ते वाक्य हिरव्या फलकावर सोनेरी अक्षरांत लिहावंसं वाटलं. फलक बॉगच्या तोंडाशी, पक्क्या सिमेंटच्या चौथऱ्यावर उभा केला. चौथरा नसता तर तोही मातीशी जोडला गेला असता.

बॉग म्हणजे हजारो वर्षं कुजत, दबत गेलेल्या शेवाळाची काळी, ओली, झाडं नसलेली जमीन. क्षितिजापर्यंत तपकिरी गवत, मधूनमधून पाण्याची डबकी आणि एखादी स्वतःवर नाराज असल्यासारखी मेंढी. या जमिनीतून विटांसारखे तुकडे कापतात, उन्हावाऱ्यात वाळवतात आणि हिवाळाभर जाळतात. त्याला टर्फ म्हणतात. गावातल्या जुन्या घरांत स्वयंपाक, अंघोळीचं पाणी आणि भिंतीतली ऊब, तिन्ही गोष्टी त्या एका टर्फवर चालतात.

आम्ही तिथे राहायला गेलो ते दोन हजार वीसच्या जानेवारीत. बायको कासलबारच्या हॉस्पिटलमध्ये नर्स, मी डब्लिनमध्ये बॉल्सब्रिजच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासणारा. आठवड्यातून दोन दिवस आगगाडीने जायचं आणि बाकी घरून काम करायचं, असं ठरलं होतं. फेब्रुवारीत मुलगी झाली. बाळंतपणासाठी आई आली, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातून, तीन महिन्यांचं परतीचं तिकीट घेऊन. मार्चमध्ये ऑफिस बंद झालं, विमानं बंद झाली, व्हिसाची मुदत सरकारने आपणहून वाढवली आणि आई अडकली. तिला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते दुकानात न मिळणाऱ्या मेथीचं.

घरापासून आधी दोन आणि मग पाच किलोमीटरच्या आतच फिरायचं, असा नियम होता. जगाचा इतिहास पाच किलोमीटरमध्ये बसवायचा म्हटलं की माणूस बारकाईने बघू लागतो. छप्पर नसलेलं चर्च, चुन्याची भट्टी, चिंध्या बांधलेल्या झाडाखालची पवित्र विहीर, सगळं मी पालथं घातलं. ग्रंथालय बंद होतं, म्हणून गावाच्या इतिहासाची जुनी पुस्तकं टपालाने मागवली. त्यांत कवी भेटला.

कवी गावचा नव्हता. लहानपणी सुट्टीत त्याला इथे मामाकडे पाठवत. पुढे तो लंडनला गेला, तिथेच राहिला, तिथेच वारला. त्याच्या समग्र कवितांचा जाड खंड मी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मागवला आणि दाराशी आलेल्या पार्सलला सॅनिटायझर लावून तो वाचला. त्यात या गावावरच्या दोन कविता सापडल्या. एक दातदुखीवर आहे. गावात दाताचा डॉक्टर नाही ही तिची मुख्य तक्रार. दुसरीत तो मामाच्या टर्फवर दिवसभर वाकून काम करतो, पाठीला आणि मामाला शिव्या घालतो, आणि मोठेपणी जिथे बटण दाबल्यावर घर गरम होतं तिथेच राहीन अशी शपथ घेतो. शपथ त्याने पाळली. मला हा कवी फार आवडला. दुखतंय त्याला दुखतंय म्हणणारा कवी आपल्याकडेही सहजी मिळत नाही.

समितीने त्याला वेगळ्या नजरेने पाहिलं होतं. फलकावरच्या नकाशात 'कवीचा पूल' होता, 'कवीचा झरा' होता आणि 'कवीचं आसन' होतं. या आसनावर, म्हणजे एका खडकावर, बसून तो तासन्‌तास चिंतन करीत असे, अशी माहिती खाली दिली होती. तो खडक जूनमध्ये ट्रकमधून आला. आमचं घर बॉगला लागूनच, मी खिडकीतून पाहिला. उतरवताना तो आधी उलटा बसला, मग क्रेनवाल्याने सरळ केला.

इथवर मला हसू येत होतं. राग आला तो रस्त्यावरून.

कविमार्ग म्हणून जो आखला होता तो बॉगमधला जुना रस्ता. सरळ आत जातो आणि कुठेही न पोचता संपतो. पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा आईने विचारलं होतं की हा केला कुणी आणि कशाला. मी वाचलं होतं ते सांगितलं. बटाट्याचा दुष्काळ पडला तेव्हा उपाशी माणसांना फुकट अन्न दिलं तर ती बिघडतील, अशी राज्यकर्त्यांना काळजी होती. म्हणून त्यांच्याकडून असे रस्ते करून घेतले. रस्ता कुठे जावा हा प्रश्नच नव्हता, दगड फोडून झाले पाहिजेत एवढंच. आई थांबली. बहात्तरच्या दुष्काळात ती परकर-पोलक्यातली पोर होती आणि तिच्या आईबरोबर खडी फोडायला जात होती. तिने पायाने थोडी माती सारली, खालचा दगड बघितला आणि म्हणाली, "हाय. फोडल्याली खडी हाय."

फलकावर याबद्दल एक ओळ नव्हती. रस्ता आपोआप उगवला होता, कवीच्या पायांखाली.

आता शेजारीणबाईंबद्दल सांगायला हवं. आमच्या घराला लागून त्यांचं घर. सत्तरी ओलांडलेल्या विधवा, मुलं ऑस्ट्रेलियात. त्यांच्या स्वयंपाकघरात एक जुनी लोखंडी शेगडी आहे. ती टर्फवर चालते, तिच्यावरच पाणी तापतं, आणि दुसरं काहीही त्या घराला गरम करत नाही. बॉगमधली त्यांच्या नवऱ्याच्या आजोबांपासूनची टर्फ कापायची पट्टी त्या रस्त्याच्या अगदी शेवटी आहे. मे महिन्यात एक माणूस यंत्र घेऊन आला आणि टर्फ कापून ओळीने पसरून गेला. पुढचं काम हाताचं. विटा थोड्या सुकल्या की चार-पाच एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, म्हणजे मधून वारा खेळतो. दर वर्षी मदतीला येणारे पुतणे त्या साली काउंटीच्या बाहेर अडकले होते. आईने त्या मनोऱ्यांकडे एकदा पाहिलं आणि "ह्या तर शेणी" म्हणून पदर खोचला. जूनभर दोघी तिथे वाकलेल्या असायच्या, दोन मीटर अंतर ठेवून. बाई इंग्लिशमध्ये बोलायच्या, आई माणदेशीत. दोघींचं काही अडलेलं मला दिसलं नाही. मी एक दिवस गेलो आणि दुसऱ्या दिवशी मला मीटिंग होत्या.

जुलैच्या शेवटी समितीने कविमार्गाचं काम पुरं केलं. दुष्काळातल्या खडीवर बारीक पिवळसर वाळू अंथरली. तोंडाशी माणूस वळसा घालून जाईल असं लाकडी फाटक बसवलं आणि दोन्ही बाजूंना बैलाएवढे दगड ठेवले, म्हणजे वाहन शिरायला नको. शेजारी नियमांची पाटी: पायी चालणाऱ्यांचं स्वागत आहे. कुत्री साखळीत. बाबागाड्यांना मुभा. मोटारवाहनांना मनाई. आणि फलकाजवळ, पर्यटकांना कळावं म्हणून, टर्फचा एक नमुन्याचा ढीग रचला होता. पावसाने बिघडू नये म्हणून त्याला वार्निश दिलं होतं.

ऑगस्टमध्ये बाईंचा पुतण्या ट्रॅक्टर घेऊन टर्फ आणायला आला आणि दगडांसमोर थांबला. थोडा वेळ त्याने दगडांकडे पाहिलं, मग ट्रॅक्टर मागे घेतला, बाईंच्या दारात चहा घेतला आणि गेला. ऑगस्ट संपत आला की तिथला पाऊस मनावर घेऊन पडू लागतो. वाळलेलं टर्फ बॉगमध्येच राहिलं तर पुन्हा पाणी पितं, आणि पाणी प्यालेलं टर्फ नुसता धूर करतं. बाईंचा पुरा हिवाळा त्या रस्त्याच्या शेवटी उभा होता आणि मध्ये साहित्य होतं.

बाईंनी मला बरोबर चल म्हटलं. समितीचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. बाईंच्या दोन्ही मुलांना त्यांनी शिकवलं होतं. घर मोठं, खिडक्या नव्या, मागे तेलाची टाकी. त्यांना टर्फ लागत नव्हतं. ते अंगणात आले आणि उभे राहिले ते फीत कापायला आल्यासारखे. बाईंनी थोडक्यात सांगितलं. ते फार मनापासून ऐकत होते. नव्या वाळूवरून ट्रॅक्टर गेला तर चाकोऱ्या पडतील, म्हणाले, आणि उद्घाटन व्हायचं आहे. उद्घाटन झालं की दगड एका बाजूने सारता येतील का, ते समितीपुढे ठेवता येईल.

मी विचारलं, उद्घाटन कधी.

कवीची नात परदेशातून यायची होती. तिच्या हस्ते व्हायचं होतं. ती कधी येऊ शकेल हे विमानांवर होतं, विलगीकरणावर होतं, आणि उघड्यावर पंधरापेक्षा जास्त माणसं जमवायची नाहीत असा नवा नियम आला होता. त्यांच्या यादीतले पाहुणेच त्याहून जास्त होते. म्हणजे नक्की तारीख सांगता येणार नव्हती.

"पण पाऊस येईल," बाई म्हणाल्या.

"हे माझ्यावर सोडा," अध्यक्ष म्हणाले.

आयर्लंडमध्ये कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. माझ्यावर सोडा म्हणतात. पुण्यात 'बघतो ना' म्हणतात तेच हे, फक्त आवाज मऊ. परत येताना बाई भराभर पुढे चालत होत्या. मीच बोलत होतो. मला काय काय सुचत होतं. वहिवाटीचा हक्क, वर्तमानपत्र, वकील. ज्या माणसाने आयुष्यभर टर्फला शिव्या दिल्या त्याच्या नावाने एका म्हातारीचं टर्फ अडवायचं, आणि वर वार्निश लावलेलं टर्फ शोभेला मांडायचं. जी माणसं हा रस्ता करता करता मेली त्यांच्यासाठी एक ओळ नाही, आणि वाळूवर चाकोरी पडू नये म्हणून एवढी काळजी. त्या संतापाला उत्तम वाक्यरचना होती आणि बाईंना तिचा काहीच उपयोग नव्हता.

संध्याकाळी आई कुंपणापाशी उभी होती, बाळाला कडेवर घेऊन. काय झालं म्हणून तिने विचारलं. मी सांगितलं. तेवढ्यात पलीकडून बाई दोरीवरचे कपडे काढायला आल्या आणि तिरकस हसून म्हणाल्या, "रस्ता पायी चालणाऱ्यांसाठी आहे ना? मग त्यांनीच आणावं माझं टर्फ. जाताना कवी, येताना टर्फ."

"काय म्हनत्यात?" आईने विचारलं.

मी शब्दाला शब्द सांगितलं. उपरोध सांगायचा राहिला. उपरोध भाषांतरात वेगळा सांगावा लागतो, आणि मी तर दिवसभर संतापून दमलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मीटिंग चालू असताना खिडकीबाहेर आई दिसली. रोज त्या वेळी ती बाळाला बाबागाडीत घालून कविमार्गावर फिरवून आणायची. त्या दिवशी बाळ तिच्या कडेवर होतं आणि बाबागाडीत टर्फ होतं. काठोकाठ, नीट रचलेलं, वर बाळाची पिवळी चादर टाकलेली, भुसा उडू नये म्हणून. पायांत माझे गमबूट, लुगड्यावर माझा रेनकोट. ती सरळ बाईंच्या आवारात गेली, छपराखाली टर्फ रचलं आणि पुन्हा निघाली.

मी मीटिंग सोडून बाहेर गेलो. आई, हे काय, म्हणालो.

"त्यांनीच तर सांगितलं काल. चालनाऱ्यांनी आनायचं म्हनून," ती म्हणाली. "आमच्याकडं इर्जिक घालत्यात तसं. ज्याचं अडलं त्याच्या रानात समद्यांनी जायाचं. न्हाय का हिकडं?"

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी हे विनोदाने म्हटलं होतं हे मी आईला सांगावं का, असं मी डोळ्यांनीच विचारलं. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. मग आत गेल्या आणि खताची रिकामी प्लास्टिकची पोती घेऊन आल्या. इथे टर्फ त्यातच भरतात.

तिसऱ्या फेरीला रस्त्यात गावचा टपालवाला भेटला. त्याने विचारलं, आईने हात केला, मी समजावलं. संध्याकाळी तो बायकोला घेऊन आला आणि दोघांनी एकेक पोतं आणलं. तो गावाला टपाल वाटत असे आणि टपालाबरोबर इतर सगळ्या बातम्याही. शुक्रवारपर्यंत माणसं यायला लागली होती, आणि शनिवारी तर रस्ता भरला. सभा भरवायला बंदी होती, पण ही सभा नव्हती. आपापल्या घरातली दोन-दोन, तीन-तीन माणसं, अंतर ठेवून, प्रकृतीसाठी चालत होती. कुणाच्या खांद्यावर पोतं, कुणाच्या पाठीवर शाळेचं दप्तर. गावात ठेवणीतल्या किती बाबागाड्या आहेत ते त्या दिवशी कळलं. ज्यांची मुलं कॉलेजात गेली त्यांनीही माळ्यावरून काढल्या. एका बाईने जुळ्यांची आणली, तिचा सगळ्यांना हेवा वाटला. मी स्वतः पोती उचलली. तिसऱ्या पोत्यानंतर कवीच्या आसनावर बसलो. चिंतन वगैरे काही झालं नाही, पाठ दुखत होती. या जागेबद्दल कवीने जे लिहिलं त्यातलं हे मला पटलं.

दुपारी अध्यक्ष आले. फाटकाशी उभे राहून त्यांनी येणारी-जाणारी रांग पाहिली. सगळेजण त्यांना नमस्कार करत होते, हवा छान आहे म्हणत होते. खरंच छान होती. शेवटी त्यांनी जुळ्यांच्या बाबागाडीवाल्या बाईला विचारलं, हे काय चाललंय.

"चालतोय, सर," ती म्हणाली. त्यांचीच विद्यार्थिनी असावी.

त्यांनी पाटीकडे पाहिलं. पायी चालणाऱ्यांचं स्वागत. बाबागाड्यांना मुभा. मजकूर त्यांनीच लिहिला होता. मग ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले की नियमात बसत असेलही, पण हे या जागेच्या भावनेला धरून नाही. कवीला काय वाटलं असतं.

मला त्यांना समग्र खंडातला पान क्रमांक सांगायचा होता. मामा, पाठ, शपथ, सगळं. तोंड उघडलं, पण आई मध्ये आली. काय म्हनतोय हा, तिने विचारलं. मी सांगितलं की हे त्यांना बरं दिसत नाही. आईने बाबागाडीतली एक वीट उचलली आणि त्यांच्यापुढे धरली.

"त्यास्नी म्हनावं, रिकामं नका हुबं ऱ्हाऊ. तुमी पन एक घ्या."

भाषांतराची गरज पडली नाही. त्यांनी वीट घेतली. इतक्या माणसांसमोर न घेणं शक्य नव्हतं. दोन्ही हातांत धरून ते थोडा वेळ उभे राहिले, कुणीतरी भाषण करायला सांगेल अशा अपेक्षेने. मग आजूबाजूला पाहिलं, फलकापाशी गेले आणि ती वीट वार्निश लावलेल्या ढिगावर, नीट, मध्यभागी ठेवली.

तेवढी एक वीट सोडली तर बाईंच्या पट्टीवरचं चारातले तीन वाटे टर्फ त्या आठवड्यात घरी आलं. चौथा वाटा सोमवारच्या पावसात गेला. पुरेल का, मी विचारलं. बाई म्हणाल्या, ग्रँड. तिकडे ग्रँड म्हणजे जेमतेम. फेब्रुवारीत त्यांनी दोन खोल्या बंद केल्या आणि स्वयंपाकघरातच पलंग टाकला, तेव्हा मला जेमतेमचा अर्थ कळला. आई तोवर माणला पोचली होती. फोनवर रोज विचारायची, ताईंचं जळण हाय का अजून. मी म्हणायचो, आहे. दगड अजून तिथेच होते, कारण उद्घाटन झालेलं नव्हतं.

पुढच्या वसंतात समितीने वर्षाचा अहवाल घरोघर टाकला. कविमार्गाला पहिल्याच मोसमात लोकांचा अपूर्व प्रतिसाद मिळाला, असं अध्यक्षांनी त्यात लिहिलं होतं. विशेषतः ऑगस्टच्या अखेरीस एका आठवड्यात एवढी माणसं येऊन गेली की मूळ अंदाज दुरुस्त करावे लागले. महामारीच्या काळात समाज पुन्हा कवितेकडे वळत असल्याचं हे लक्षण आहे. हा आकडा फाटकाच्या खांबात बसवलेल्या मोजणी यंत्राने दिला होता. तिथून जे जे जातं त्याला ते एक धरतं, आणि बाईंच्या पुतण्याने सांगितलं की मेंढ्याही त्यात येतात.